अठ्ठेचाळीस हिस्से

आमच्या वडप्यात जमिनीचा भाव विचारायला आता कोणी लाजत नाही. नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामे उभी राहिली, कंटेनरच्या रांगा लागल्या, आणि 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जवळच्या आमणे गावापर्यंत खुला झाला. तेव्हापासून दलाल सकाळच्या चहालाच दारात येतात. अब्बा मागे ठेवून गेले त्या तुकड्यात भात पिकत होता, तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. आता तो विकून दुबईत फ्लॅट घ्यावा, असे आमचे भाईजान म्हणतात.

भाईजानना तिकडे चौदा वर्षे झाली. आधी देऱ्यात बेडस्पेस, म्हणजे एका खोलीतला एक पलंग. मग भाभी आणि मुले गेल्यावर करामात भाड्याचे घर. वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे आणि प्रत्येक चेकच्या आठवड्यात जीव मुठीत धरायचा. "इतक्या वर्षांच्या भाड्यात अर्धे घर झाले असते," असे ते फोनवर म्हणतात. त्यांचे खोटे नाही.

परक्या माणसाला तिथे घर घेता येते, ही गोष्ट तशी अलीकडची. 2002 मध्ये दुबईने परदेशी लोकांना मालकीची मुभा दिली आणि 2006 च्या सातव्या कायद्याने तिला नीट आधार दिला. तीही सरसकट नाही, ठरवून दिलेल्या भागांतच. करामात भाईजान भाडे देतात, पण घर बघतात ते दूर वाळवंटाच्या कडेला.

आमचे चाचा कुवेतला होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकची फौज आत शिरली, तेव्हा अम्मानमार्गे एअर इंडियाने पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय माणसे परत आणली. त्यांत चाचाही होते, हातात एक बॅग. त्या पिढीच्या डोक्यात परदेशी घर घेण्याचा विचारच नव्हता. पैसा गावी पाठवायचा, गावी बंगला बांधायचा. कोकणात असे कितीतरी बंगले आज कुलपात आहेत. तेव्हा चाचांचा शहाणपणा खरा की भाईजानचा, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

भाईजाननी हिशेब पाठवला तो आम्ही शाळेच्या वहीत उतरवून काढला. बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे पाचवा हिस्सा रोख. वर जमीन खात्याची 4 टक्के फी, दलालाचे बहुधा 2 टक्के, आणि पुढे दरवर्षी इमारतीच्या देखभालीचे पैसे चौरस फुटावर. व्याजाचा प्रश्न आमच्या घरी पहिला निघाला. त्यावर इजाराचा मार्ग आहे: बँक घर आपल्या नावे घेते, तुम्ही भाडे भरत जाता आणि शेवटी घर तुमचे होते. दुबई इस्लामिक बँक 1975 पासून आहे, म्हणजे व्यवस्था काही नवी नव्हे. पण दरमहा जाणारी रक्कम दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसते, हेही वहीत लिहिले.

बांधकाम चालू असलेले घर स्वस्त पडते. 2008 च्या मंदीत अशाच घरांत कित्येकांचे पैसे अडकले होते. 2007 च्या कायद्याने ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक केले आहे, तरी अम्मी विचारतातच, "दिसत नाही ते घर कसले?"

आम्हाला मात्र वेगळीच गोष्ट खटकते. घराचा कागद मिळाला तरी राहण्याचा हक्क त्याच्यासोबत येत नाही. 20 लाख दिरहमांचे घर असेल तर दहा वर्षांचा निवासाचा परवाना मिळू शकतो. भाईजानचे घर त्या किमतीचे नसणार. उद्या नोकरी गेली, तर भिंती भाईजानच्या आणि मुक्काम पाहुण्याचा.

आणि माणूसच गेला तर? मुसलमानाची मिळकत तिथले कोर्ट शरीयतप्रमाणे वारसांत वाटते. त्यासाठी इथले दाखले लागतात. त्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्यांच्या दूतावासाचा, मग अरबी भाषांतर. आमच्या उर्दू शाळेत जनरल रजिस्टर आमच्या हाताखालून जाते, म्हणून सांगतो. एकाच मुलाचे नाव रजिस्टरात मोहम्मद, आधारवर मोहंमद, पासपोर्टवर इंग्रजीत आणखी तिसरेच. पालक दाखल्याची दुरुस्ती मागायला येतात ते बहुधा पासपोर्ट अडल्यावर. वाचकांनी आपल्या घरचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

खरा पेच जमिनीचाच. भाईजान म्हणाले, बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली तर दोन बेडरूमचे घर बसते. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. आपा सातबाऱ्यावर असतात, मग एक दिवस "भावासाठी" सही करतात आणि ईदला माहेरी येतात. पण दुबईत त्या घराचा वारसा ठरेल तेव्हा भाईजानच्या मुलीला तिचा हिस्सा कोर्ट देणार. मग वडप्याच्या शेतात आपांचा हिस्सा कुठे गेला? हे आम्ही भाईजानना फोनवर विचारले. बराच वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता.

मग आम्ही वहीत मांडले. अम्मींचा आठवा भाग, उरलेल्यात दोन भाऊ आणि दोन बहिणी. एकूण 48 हिस्से: अम्मींचे 6, भावांचे चौदा-चौदा, बहिणींचे सात-सात. मोठ्या आपांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "सात माझे आहेत, हे मला आज पहिल्यांदा कोणी लिहून दाखवले." धाकटीने सही करायला पेन काढले होते, ते तिने परत पर्समध्ये ठेवले.

जमीन विकायची ठरली आहे. भाईजानचे चौदा हिस्से त्यांच्या एनआरओ खात्यात जातील. कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, ती अडचण नाही. त्यांची स्वतःची बचत धरून एका बेडरूमचा हिशेब बसतो. भाभींचा निरोप आला की अम्मी आल्या तर हॉलमध्ये पलंग टाकू. अम्मींनी विचारले, तिथे बाल्कनी आहे का, आणि तिच्यातून काय दिसते.