आघाडी नको, खजिनदारकी माग

प्रिय बायो,


पत्र पोचलं. युनियनच्या जिल्हा कार्यकारिणीत तुला घेताहेत, तेही 'महिला आघाडी प्रमुख' म्हणून, हे वाचून आनंद झाला आणि मग हसूच आलं. अगं, सेविका काय, मदतनीस काय, अंगणवाडीच्या युनियनीत सगळ्या बायकाच. आघाडी काढायची ती कुणातून? सरचिटणीस पुरुष, खजिनदार पुरुष, मंत्रालयात शिष्टमंडळ गेलं की बोलणारेही तेच. कार्यकारिणीत जरूर जा, पण पद बदलून माग. खजिनदारकी माग.

गिरणगावात काय झालं ते आठव. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बाया संपात पुढे असत. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रात्रपाळीला बायकांना आधीच बंदी होती. मालकांना बाई महाग वाटू लागली. नवी यंत्रं आली तशी बायकांची खाती आटली, आणि १९८२चा संप झाला तेव्हा गिरणीत बाई शोधावी लागत होती. घर चालवतो तो पुरुष, त्याची नोकरी आधी, हे मालकाला पटलेलं होतंच. युनियनलाही फारसं खटकलं नाही. मोर्च्यात बाई पुढे आणि वाटाघाटीत मागे, याची ही किंमत. संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना तर कामगार म्हणून कुणी मोजलंच नाही. १९७५ साली प्रेमा पुरवांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं दार उघडलं.

उलट मणिबेन कारांनी पश्चिम रेल्वेच्या कामगारांचं नेतृत्व केलं, आणि ते कामगार बहुतेक पुरुष. म्हणजे पुरुष बाईचं ऐकत नाहीत, हे आपल्याला उगाच सांगत आले.

केरळातल्या मुन्नारचं मात्र नीट वाच. २०१५ साली चहामळ्यातल्या बायकांचा बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला. बहुतेक तमिळ बोलणाऱ्या, दिवसभर पाठीवर पानांचं ओझं वाहणाऱ्या या बाया हजारोंनी रस्त्यावर बसल्या. प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. कंपनीशी तुमचं साटंलोटं आहे, असं तोंडावर सुनावलं. नऊ दिवसांत वीस टक्के पदरात पडले. 'पेम्पिळै ओरुमै', बायकांची एकजूट, या नावाने पुढे त्या पंचायत निवडणुकीतही उतरल्या. नंतर त्यांच्यातही फाटाफूट झाली, हे लपवत नाही. पण नऊ दिवस उन्हात बसायची हिंमत आपल्याकडेही आहे. २०१७च्या अंगणवाडीच्या संपात महाराष्ट्राने ती पाहिली. प्रश्न हिमतीचा नाहीच. वर्गणीचा पैसा कुठे जातो आणि तडजोडीच्या कागदावर सही कुणाची, एवढाच आहे.

म्हणून खजिनदारकी. बँकेच्या खात्यावर सही तुझी असेल तर तुला विचारल्याशिवाय ना मोर्च्याच्या गाड्या ठरतील, ना वकील. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंगणवाडीच्या बायकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तो पदरात पडेपर्यंत वकिलाला फी द्यावीच लागते, आणि ती द्यायची की नाही हे खजिनदाराच्या टेबलावर ठरतं.

हिशेब जमणार नाही म्हणतेस? पोषण आहाराचा दाणान्‌दाणा रजिस्टरात चढवतेस, वर तोच मोबाइलवर भरतेस, आणि पावतीपुस्तकाला घाबरतेस! सध्याचे खजिनदार चांगले गृहस्थ आहेत, मला ठाऊक आहे. पण चांगल्या गृहस्थांनीही खुर्ची सोडायला शिकावं.

एक अट मात्र आधीच घाल. कार्यकारिणीची सभा रात्री आठला ठेवायची नाही. अंगणवाडी सुटल्यावर, दुपारी, आणि एस.टी. स्टँडजवळ. नाहीतर तू एकटी जाशील आणि बाकीच्या घरी भाकऱ्या थापत बसतील.

दिवाळीत इकडे येशील तेव्हा गेल्या वर्षाचा ताळेबंद घेऊन ये. मागितल्यावर कुणी का-कू केलं तर त्याचं नाव लिहून ठेव. बसून वाचू दोघी.

तुझी,
मावशी