मापाची शीग

आमच्याकडे गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. एरवी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याजवळच्या एका गावात माझं लहानपण गेलं. तिथलं काळं रान मालदांडी ज्वारीचं. जावई येणार असला की आजी कणगीमागच्या डब्यातले गहू काढायची, सुपात घेऊन खडे निवडायला बसायची आणि आम्ही पोरं त्या सुपाभोवती. पोळी मिळणार याचा आनंद होताच, पण ‘आज आमच्यात पोळी हाय’ हे शेजारी जाऊन सांगण्याचा आनंद त्याहून मोठा. परवा पुण्यात महिन्याचं वाणसामान भरताना ज्वारीचा भाव बघितला. गव्हाच्या जवळजवळ दीडपट. पिशवी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

तेव्हा काय काय स्वस्त होतं, याची यादी लोक हौसेनं सांगतात. माझ्या आठवणीत मात्र भाव फारसे नाहीतच, कारण आमच्या घरात पैसाच कमी फिरायचा. फिरायची ती ज्वारी. आई माझ्या झग्याच्या ओच्यात ज्वारी घालून दुकानात पिटाळायची. तिच्या बदल्यात चहापत्तीची पुडी, गुळाचा खडा, कधी बाटलीत बोटभर गोडेतेल. दुकानदार ज्वारी घेताना माप टम्म भरून घ्यायचा आणि गूळ देताना तराजूची दांडी सरळ झाली की हात काढायचा. घरी आल्यावर आजी विचारायची, “शिगंनं घेतलं का निपटून?” मापावर धान्याची जी टोकदार रास उभी राहते, ती शीग. हात फिरवून ती पाडली की माप निपटलं.

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शाळेत आम्ही किलोग्रॅमची गणितं करत होतो, पण खळ्यावर पायलीच चालायची. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. सुतार, लोहार, न्हावी यांची वर्षभराच्या कामाची मजुरी त्याच राशीतून जायची. आजी पदर खोचून उभी असायची आणि मोजणाऱ्या गड्याला बजावायची, “मापाला हात आखडू नगं.”

हे चित्र मी कितीतरी वर्षं मनात जपलं. पुढे कॉलेजात दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन वाचलं. १९७८ साली आलेलं ते पुस्तक वाचून खाली ठेवलं तेव्हा आमच्या खळ्याच्या कडेला दूर उभी राहणारी माणसं मला पहिल्यांदा नीट दिसली. त्यांच्या पदरात पडायचं ते वरून टाकलेलं. आजीचा हात सढळ होता यात शंका नाही, पण माप तिच्या हातात होतं आणि पदर त्यांचा पसरलेला होता. रोख मजुरी ज्यांच्या हातात आली, त्यांना खळ्याची आठवण गोड वाटावी असा आग्रह मी कधीच धरणार नाही.

आणि १९७२ साली तर आजीच्या हातातही माप उरलं नाही. मी सात वर्षांची होते. आदल्या वर्षीची ज्वारी संपली, नवी उगवलीच नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर मिलो नावाचं लाल धान्य मिळायचं. त्याची भाकरी काही केल्या एकसंध थापली जायची नाही, कडेनं चिरा जायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत आईच्या हातात तुकडे. शाळेत सुकडी वाटायचे. ती मी खिशात भरून धाकट्या भावाला आणायची. आजी सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची आणि पाटीत काय उरलंय ते बघून म्हणायची, “मला भूकच न्हाई आज.” ती भूक नसण्याची खोड तिला आयुष्यभर राहिली, चांगलं पिकायला लागल्यावरही ती मागूनच जेवली.

म्हणूनच स्वस्ताईच्या नावानं मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीचे आकडेच बोलके आहेत. १९९९-२००० मध्ये खेड्यातल्या कुटुंबाच्या खर्चातले शंभरातले ५९ रुपये खाण्यावर जात. २०२२-२३ मध्ये ते ४६ झाले, शहरात ३९. खेड्यात नुसत्या तृणधान्यावर २२ रुपये जात, ते पाचावर आले. उरलेला पैसा शाळेची फी, औषधपाणी, पेट्रोल आणि मोबाईलकडे गेला. माझ्या आईच्या काळात महिनाअखेर म्हणजे डब्याचा तळ दिसणं. माझ्या सुनेच्या काळात महिनाअखेर म्हणजे हप्ता. डबे भरलेले असतात.

ज्वारीचं मात्र उलटं झालं. पाणी आलं तसं उसाचं, पाणी नव्हतं तिथे तुरीचं आणि कांद्याचं रान झालं. ज्वारी हातानं काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. त्याला माणसं मिळेनात. रेशनवर गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी मिळू लागला, २०२३ पासून तर दोन्ही फुकट. गरिबाघरच्या तव्यावर चपाती आली. ती आली याचा मला आनंद आहे. सुपाभोवती बसलेली मी मला आठवते. त्याच वेळी शहरातले डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांना भाकरी खायला सांगू लागले. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरची कडक भाकरी, जी आम्ही उरलेली म्हणून ताकात मोडून खायचो, ती आता पाकिटात मिळते. आणि ताकही पाकिटात. ज्या भाषेत ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ हा वाक्प्रचार आहे, त्या भाषेच्या मुलखात ताक मागून आणायची वस्तू होती, विकत घ्यायची नव्हती, हे नातवाला समजावताना मला चार वाक्यं लागली.

हुरड्याचंही तेच. थंडीत आगटी पेटली की वाटेनं जाणाऱ्यालाही हाक जायची. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं, तो हिरवा ऊन हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. आता रस्त्याकडेला माणशी दराच्या पाट्या दिसतात. शेतकऱ्याला चार पैसे सुटतात हे बरंच आहे. पण पाटी वाचून आत जाणारा गिऱ्हाईक असतो आणि हाक ऐकून आत जायचा तो पाहुणा.

यंदा फेब्रुवारीत गावी गेले होते. चुलत वहिनीनं दोन एकरांत मालदांडी केली होती. मी पन्नास किलो मागितली आणि आधीच सांगितलं, पैसे घेणार असशील तरच. तिनं इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोतं ठेवलं, आकडा पन्नासावर आणला. मी मोबाईलवरून पैसे पाठवले, तिच्या फोनवर आलेले तिनं बघितले. मग सुतळी दाभणात ओवता ओवता ती थांबली, शेजारच्या राशीत दोन्ही हात घातले आणि ओंजळभर ज्वारी पोत्यात वर टाकली. परत एक ओंजळ. काट्यावरचे आकडे हलले. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. पोत्याचं तोंड शिवून टाकलं.