लोहाराने दिलेली वाट

साष्टी बेटावरच्या कान्हेरीला जायचं या श्रावणात पक्कं केलंय, आणि त्याला कारण आहे कल्याणचा एक लोहार. नंद त्याचं नाव. सातवाहनांच्या काळाच्या आसपास त्याने कान्हेरीच्या भिक्षुसंघाला एक वाट दान दिली आणि तसा छोटासा ब्राह्मी लेख तिथल्या खडकावर कोरला गेला. गाव, नाव, धंदा आणि काय दिलं, एवढाच मजकूर. कुणा राजाचा जयजयकार नाही, बिरुदावली नाही. तो लेख वाचनात आल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कान्हेरी म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली लेणी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे जवळजवळ हजार वर्षं नांदता मठ होता, हे लक्षात घेतलं की डोंगर वेगळा दिसू लागतो. शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक सगळी राहायची. पुढे ओसरी, आत खोली, खोलीत दगडाचाच ओटा आणि दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. वरच्या कातळावर पन्हळी कोरून पावसाचं पाणी पोढीत उतरवलेलं. चहूबाजूंनी खाडी आणि समुद्र असलेल्या बेटावर एवढ्या माणसांना गोडं पाणी पुरवायचं म्हणजे ते आभाळाकडूनच घ्यायला हवं, आणि त्यांनी ते थेंबाथेंबाने घेतलं. पोढी खोदून देणं हे इथलं मोठं दान. कल्याणच्याच सामिदत्त नावाच्या सोनाराने एक पोढी दिली, तसा लेख आहे. सोनाराचं पाणी आणि लोहाराची वाट. माझ्यासाठी कान्हेरी या दोन दानांपासून सुरू होते.

आज साष्टी हे बेट आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आम्ही चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेसने निघणार. कळवा सोडून ठाणं येईस्तोवर गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते. डब्यातले लोक तोवर बॅगा खाली काढायला लागलेले असतात, आणि मुख्य भूमी मागे पडलेली असते. रेल्वे कल्याणपर्यंत पोचली ती 1854 मध्ये. त्याआधीच्या माणसाला खाडी ओलांडायची तर होडीच लागायची. नंद लोहारही होडीनेच गेला असणार.

मी भोसरीत फोर्जिंगच्या शॉपमध्ये आहे. माझे वडील, अण्णा, त्यांची सगळी हयात हॅमरपुढे गेली. लाल झालेलं लोखंड हॅमरखाली आलं की जमीन कशी हादरते, ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून असेल, लेणं पाहताना माझं लक्ष आधी हत्याराकडे जातं. देहूरोडजवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरावर आम्ही लहानपणापासून जातो. खाली जुना मुंबई-पुणे हायवे, वर शेलारवाडीची बौद्ध लेणी, त्यातल्या चैत्यगृहात आता महादेव. दर्शन झालं की मी भिंतीशी उभा राहतो. उजेड तिरपा पडला की छिन्नीचे ओरखडे दिसतात, एकाशेजारी एक, एकाच कलाने मारलेले, मग मध्येच कल बदललेला. पाथरवटाने तिथे हात बदलला असेल किंवा माणूसच बदलला असेल. काही ओरखडे धारदार आहेत, काही बोथट. आपला काळा पाषाण छिन्नीला फार वेळ टिकू देत नाही. टोक गेलं की छिन्नी पुन्हा भट्टीत, पुन्हा ऐरणीवर, आणि मग तिला पाणी देणं. ते कमी-जास्त झालं तर छिन्नी एकतर वाकते नाहीतर तुटते. म्हणजे जिथे लेणं खोदलं जात होतं, तिथे जवळपास भाता चालू होता, हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही. लेण्याच्या कुठल्याही वर्णनात ती भट्टी नसते, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं.

नंद लोहाराबद्दल अण्णांना सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "लोहाराकडे एवढे पैसे आले कुठून?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी त्यांना जुन्नरला नेलं, म्हणजे बोलण्यातून. चाकणवरून नाशिक रस्त्याने सरळ गेलं की नारायणगावापुढे डावीकडे जुन्नर. तिथल्या लेण्यांत असे लेख आहेत की दानाची रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेव म्हणून ठेवली. त्यात कासारांची श्रेणी आहे आणि बांबूकाम करणाऱ्यांचीही आहे. नाशिकच्या लेण्यातल्या लेखानुसार उषवदात नावाच्या राजाच्या जावयाने विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं. ज्यांच्या हाताला घट्टे होते त्यांच्यावर लोक पैशाचा विश्वास टाकत होते. कल्याण तर भरभराटीचं बंदर. जहाजाला खिळे लागतात, बैलगाडीला धाव लागते, पाथरवटाला छिन्न्या लागतात. तिथल्या लोहाराच्या गाठीला चार पैसे असणारच.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी येतो."

तेव्हापासून बेत जोरात सुरू आहे. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सोमवारी लेणी बंद असतात याची आम्हाला फिकीर नाही. मुलीची शाळा मात्र बुडणार, आणि त्यावरून बायकोचं म्हणणं पडलं की दिवाळीत जाऊ, हवाही कोरडी असेल. मी ऐकलं नाही. कान्हेरी पावसातच पाहायला हवी. एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, तो वर्षावास. हे सगळं खोदकाम त्या पावसासाठीच तर आहे. पन्हळीतून पाणी पोढीत पडताना मुलीने पाहिलं तर तिला समजावून सांगायला काही उरणार नाही. घाटात दरड आली तर गाडी रद्द होते, म्हणून पुढचा गुरुवारही मोकळा ठेवलाय.

पाहायचं काय याची यादी मी मुद्दाम लहान ठेवली आहे. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह तर टाळताच येणार नाही. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला लेख तिथे आहे, आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत. नव्वदाव्या लेण्यात पहलवी अक्षरं आहेत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, 1009 आणि 1021 साली, पारशी मंडळी इथे येऊन आपली नावं कोरून गेली. मठ तेव्हा मावळतीला लागला होता, तरी दूरची माणसं वाट काढत येत होती. वेळ उरला तर बोरिवलीतच मंडपेश्वर. तिथे शिवाच्या लेण्यावर पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. एकाच बेटावर संन्याशांनी दोन वेगवेगळ्या धर्मांचे मठ केले. पण अण्णा थकले तर मंडपेश्वर पुन्हा कधीतरी.

त्यांच्या गुडघ्यांचीच काळजी आहे. लेण्यालेण्यांना जोडणाऱ्या पायऱ्या कातळातच खोदलेल्या, पावसात निसरड्या. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही खालचीच लेणी बघा, चैत्यगृहाच्या ओसरीत बसा, आम्ही वर जाऊन येतो." ते पटलं नाही. त्यांनी रबरी तळाचे बूट आणायला सांगितले, आणि काठीला खालून लोखंडी टोपण स्वतः बसवून घेतलं.

परवा रात्री जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. मी म्हणालो, नंदने पैसे दिले असतील, वाट खोदली असेल पाथरवटांनी. अण्णांनी ताटावरचा हात थांबवला. "पैसे देऊन गप्प बसणारा लोहार मी तरी पाहिला नाही," ते म्हणाले. "त्या वाटेच्या छिन्न्या त्याच्याच भट्टीतून गेल्या असणार. आणि कोणती लवकर बोथट होते ते बघायला तो स्वतः तिथे उभा असणार."