लोणार ते देब्रे झैत

आमच्या बुलढाण्याला आलेल्या पाहुण्याला लोणार दाखवणे हे माझ्याकडे परंपरेने आलेले काम आहे. कॉलेजात मराठी शिकवायचे आणि सुटीत लोणार दाखवायचे. दोन्ही व्याख्याने मला सारखीच पाठ आहेत. चिखली-मेहकरवरून गाडी निघाली की दैत्यसूदनाचे मंदिर, अखंड वाहणारी धार, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर, आकाशातून पडलेली उल्का, असे सगळे ओळीने तोंडातून बाहेर पडते. श्रोते जांभया देतात. पण श्रोत्यांनी जांभया देणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग आहे.

२०२१ च्या दिवाळीत मात्र माझे व्याख्यान फुकट गेले. सोबत माझे धाकटे मामा होते. वय वर्षे ऐंशी, आणि हातातली काठी केवळ बोलताना हवेत फिरवण्यासाठी! विवराच्या कडेवर उभे राहून त्यांनी खालच्या हिरव्या खाऱ्या पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आमच्या गावात अशी चार-पाच होती."

आमचे गाव म्हणजे चिखली तालुक्यातले नव्हे. ते इथिओपियातले! १९६७ साली, सव्विसाव्या वर्षी, मामा तिथे इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेले. सम्राट हैले सेलासींच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण इंग्रजीतून चाले. शिक्षक पुरत नसत, म्हणून हिंदुस्थानातून शेकड्यांनी नेले जात. त्यांत केरळचे पुष्कळ. चिखली तालुक्याचे बहुधा आमचे मामा एकटेच. अदिस अबाबापासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या देब्रे झैत या गावी त्यांची नेमणूक झाली. आज त्या गावाला बिशोफ्तू म्हणतात. गावाभोवती विवरांतली तळी आहेत. मात्र ती उल्केने नव्हे, ज्वालामुखीच्या स्फोटांनी झालेली. तिथला खडक आपल्यासारखाच काळा.

पहिल्याच दिवशी मामांची फजिती झाली. शाळेच्या शिपायाने सांगितले, "वर्ग दोन वाजता." मामा जेवून, वामकुक्षी करून, कडक इस्त्रीचा कोट घालून दोनला हजर झाले, तो शाळा सुटायला आलेली! तिथे तास मोजतात ते सूर्योदयापासून. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आठ म्हणजे दोन. आपल्या आजोबांच्या घटका-पळांच्या हिशेबात हे चटकन बसले असते. मनगटी घड्याळवाल्या मामांना सवय व्हायला महिना गेला. वर्षाचे महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे. "विमानातून उतरलो अन् सात वर्षांनी लहान झालो," मामा म्हणाले.

रस्त्याने जाताना पोरे मागे लागत आणि ओरडत, "फेरेंज! फेरेंज!" हा आपला फिरंगीच. बुलढाण्याच्या उन्हात रापलेल्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कोणी फिरंगी म्हटले होते! वर्गात मात्र ते 'अस्तमारी', म्हणजे गुरुजी.

जेवणाचे काय, हा आमच्या घराण्यातला मुख्य प्रश्न. घरमालकिणीने पहिल्या बुधवारी 'शिरो' आहे म्हणून सांगितले. मामा गोडाच्या आशेने बसले. समोर आले ते लालभडक तिखट पिठले! हरभऱ्याच्या पिठाचे, आणि सोबत तेफ नावाच्या बारीक धान्याचे आंबवून केलेले, परातीएवढे धिरडे. त्याचे नाव इंजेरा. बुधवार-शुक्रवार तिथल्या ख्रिस्ती लोकांचा उपास. त्या दिवशी मांस, दूध, अंडे काही नाही. त्यामुळे आमच्या शाकाहारी मामांचे आठवड्यातले दोन दिवस चैनीत जात. ती बाई आग्रहाने स्वतःच्या हाताने घास भरवी. त्या घासाला 'गुर्शा' म्हणतात आणि तो नाकारणे म्हणजे अपमान.

माझे कान टवकारले ते लिपीपाशी. ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. एका अक्षराची सात रूपे! आपली बाराखडी, तर त्यांची सातखडी. मी तिथल्या तिथे या विषयावर बोलू लागणार होतो. मामांनी काठी वर करून मला थांबवले.

"एक मुलगा होता," ते म्हणाले.

तो वोल्लो प्रांतातला. देब्रे झैतला चुलत्याकडे राहून शिकत होता. १९७२ सरत आले होते. त्याच आठवड्यात मामांना आजोबांचे पत्र आले होते. विहिरीने तळ दाखवला, थोरला दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो, मिलो ज्वारी खातो, पैसे पाठव. मामांनी लगेच पाठवले. त्या संध्याकाळी ते निबंध तपासायला बसले. विषय 'माझे गाव'. त्या मुलाने लिहिले होते, 'देअर आर नो ग्रेन इन माय हाऊस.'

"मी 'आर' खोडलं अन् 'इज' केलं," मामा म्हणाले. "लाल शाईनं. दहापैकी सात गुण दिले. शेरा लिहिला की क्रियापदाकडे लक्ष द्यावे."

जानेवारीत त्यांचा नाताळ झाला, वर्ग भरले, पण तो आला नाही. चुलत्याने सांगितले, गावी गेला. पोरे गावी जातच असतात. वोल्लोतल्या दुष्काळाची बातमी तिथल्या वर्तमानपत्रांत येत नव्हती. सरकारने ती दाबून ठेवली होती. १९७३ च्या ऑक्टोबरात जोनाथन डिंबल्बी या इंग्रज पत्रकाराने ते दृश्य विलायतेच्या दूरचित्रवाणीवर दाखवले, तेव्हा जगाला कळले; मामांनाही त्यानंतरच. पुढच्या सप्टेंबरात सम्राट पदच्युत झाले. वरच्या वर्गांतल्या मुलांना नव्या राजवटीने खेड्यापाड्यांत कामाला धाडले, आणि १९७५ साली मामा परत आले. त्यांच्या पैशांवर आमच्या घराने दुष्काळ काढला, माझ्या आईचे लग्नही झाले. हे मला ठाऊक होते. मुलाचे ठाऊक नव्हते.

"मामा, तुम्हाला तरी काय कळणार होतं?" मी म्हटले.

"कळलं होतं ना! सकाळीच तर बाबांचं पत्र वाचलं होतं. तेच मराठीत होतं, म्हणून लेका, ते मला चूक वाटलं नाही."

ऊन चढले होते. आम्ही गाडीत बसलो. रस्त्याच्या कामामुळे काचेवर धुळीचा थर बसला होता. सुलतानपूरच्या पुढे मामांनी काच खाली केली, हात बाहेर काढून पुसायला घेतली आणि मध्येच थांबले. काच पुन्हा वर चढवून त्यांनी चालकाला गाडी उभी करायला सांगितले, खाली उतरले आणि बोटाने धुळीत तीन अक्षरे लिहिली.

"वाच बरं, मराठीचे प्राध्यापक."

मला कुठले येणार! ते त्या मुलाचे नाव होते. मामांनी एकेका अक्षराखाली काठीचे टोक धरून ते मला लावून दाखवले, चुकलो तेव्हा पुन्हा म्हणायला लावले, आणि मग आम्ही मेहकरला चहा घ्यायला निघालो.