विश्वसुंदरी जिथे जिथे गेल्या

मे २०२५मध्ये जवळपास महिनाभर ‘मिस वर्ल्ड’चा मुक्काम हैदराबादेत होता. १९९७ची मिस वर्ल्ड डायना हेडन मूळची हैदराबादचीच, पण अख्खी स्पर्धा शहरात यायची ही पहिलीच वेळ. शंभराहून अधिक देशांच्या मुली आल्या. १० मे रोजी गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये उद्घाटन झालं आणि ३१ मेच्या रात्री हायटेक्समध्ये थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगश्रीच्या डोक्यावर मुकुट चढला.

मुकुटाच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या. मधल्या दिवसांत मात्र सरकारने या मुलींना गटागटाने तेलंगण दाखवलं. त्यातली तीन ठिकाणं दोन दिवसांच्या सुट्टीत आपल्यालाही पाहता येतील.

सुरुवात चारमिनारजवळच्या लाड बाजारापासून करू. इथे बांगड्यांच्या दुकानांची रांगच आहे. लखलखाट पाहून डोळे दिपतात, पण खरं पाहायचं ते बांगडी करणाऱ्याचं काम. लाख तापवून मऊ करायची, तिची गोल बांगडी वळवायची आणि ती गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. हात चालतो तो विस्तवाशेजारी, आणि लाख थंड व्हायच्या आत. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घासाघीस करताना कान उघडे ठेवा. दुकानदाराच्या दखनीत ‘नक्को’ ऐकू येईल आणि वाक्यावाक्याला जोर देणारा ‘च’ही. दोन्ही आपल्या मराठीतले. शेकडो वर्षांच्या शेजाराची ही खूण.

दुसरा टप्पा पोचमपल्ली, हैदराबादपासून साधारण ५० किलोमीटरवर. इकतच्या साड्यांचं हे गाव. इथे नक्षी कापडावर छापत नाहीत. विणण्याआधीच सुताच्या लडी ठरावीक जागी घट्ट बांधून रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग चढत नाही. मग मागावर धागे जुळत जातात, तशी नक्षी उमटते. सूत बांधतानाच सगळं चित्र विणकराच्या डोक्यात असावं लागतं.

पण आपल्यासाठी या गावाची ओळख आणखी एक आहे. गावाचं नाव भूदान पोचमपल्ली. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे चालत चालत इथे आले. १८ एप्रिल १९५१ रोजी गावच्या दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि तिथेच वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान चळवळ इथून सुरू झाली. साडी घेऊन लगेच गाडीत बसू नका, ही गोष्ट मुलांना त्याच गावात सांगा.

तिसरा टप्पा लांबचा, वरंगळच्या पुढे मुलुगू जिल्ह्यातल्या पालमपेटचा. इथलं रामप्पा मंदिर १२१३ सालचं. काकतीय राजा गणपतिदेव याचा सेनापती रेचर्ल रुद्र याने ते बांधवलं. २०२१मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. शिखराच्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. बाहेरच्या बाजूला खांब आणि छताच्या मध्ये काळ्या पाषाणातल्या मदनिका तिरक्या उभ्या आहेत. त्यातल्या एकीच्या पायातली उंच टाचेची पादत्राणं गाइड हमखास दाखवतात. आठशे वर्षांपूर्वीची ही सुंदरी!

याच मंदिरात स्पर्धेतला एक मोठा वाद झाला. दर्शनाआधी स्पर्धक ओळीने बसल्या होत्या आणि स्थानिक स्त्रिया त्यांचे पाय धुण्यासाठी वाकल्या होत्या. ते चित्र देशभर फिरलं. कुणी म्हणालं, ही आपली अतिथी-परंपरा. कुणी म्हणालं, हा तेलंगणातल्या बायकांचा अपमान. पाहुण्याचे पाय धुणं आपल्यालाही परकं नाही. लग्नात वधूचे आईवडील जावयाचे पाय धुतात, वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय धुणारी माणसं भेटतात. पण तिथे घरधनी स्वतः वाकतो. इथे यजमान होतं सरकार, आणि वाकल्या गावच्या बायका. मला तरी ते आतिथ्य वाटलं नाही.

दोष त्या परदेशी मुलींना देण्यातही अर्थ नाही. जिथे बसवलं तिथे त्या बसल्या. ओपल तर सोळाव्या वर्षी स्तनातल्या गाठीला सामोरी गेलेली मुलगी. पुढे तिने स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचं काम हाती घेतलं. प्रत्येक स्पर्धकाच्या खांद्यावर देशाचं नाव लिहिलेला पट्टा होता आणि तिचं नाव पुकारलं जात होतं. पाय धुणाऱ्यांची नावं कुणीच पुकारली नाहीत.

म्हणून रामप्पाची एक गोष्ट मला फार आवडते. देव तिथला रामलिंगेश्वर आणि बांधवणारा सेनापती रुद्र, तरी लोक मंदिराला म्हणतात ‘रामप्पा’. हे शिल्पकाराचं नाव असं परंपरा सांगते. कारागिराच्या नावाने ओळखलं जाणारं मंदिर आपल्याकडे विरळाच.

जायचं तर पावसाळा संपल्यावर जा. जवळचा काकतीयकालीन रामप्पा तलाव तेव्हा भरलेला असतो आणि अनवाणी पायांना दगडही पोळत नाहीत. वाटेत बांगडी घ्याल, साडी घ्याल. ती कुणी केली हे दुकानात जरूर विचारा, आणि ते नाव घरी आल्यावर आजीला सांगा. बांगडीच्या भावाआधी ती हेच विचारणार आहे.