पिशीमावशी

द्वितीय वर्षात असताना वर्गातील एका चर्चेत मी मोठ्या आवेशाने म्हणाले होते, "विंदा करंदीकर समजून घ्यायचे तर 'अष्टदर्शने' वाचावे. बालकविता म्हणजे त्यांचा विरंगुळा!" सर किंचित हसले. म्हणाले, "आधी एखाद्या मुलाला वाचून दाखव, मग बोलू." सगळा वर्ग हसला. मला ते फार लागले.

नेरूळच्या आमच्या घरी माझी सात वर्षांची भाची राहते. शाळा इंग्रजी माध्यमाची; खेळताना स्वतःशी बोलते तेही इंग्रजीतच. माझ्या आईचे माहेर देवगड तालुक्यातले. इतकी वर्षे इकडे काढूनही तिच्या तोंडची मालवणी सुटलेली नाही. आजीने चार वाक्ये विचारावीत आणि नातीने "येस" किंवा "नो" म्हणून मोकळे व्हावे, असे चालले होते. "हिच्यावांगडा काय बोलूचा?" असे आई एकदा म्हणाली आणि हळूहळू तिने विचारणेच सोडले. दोन खोल्यांच्या घरात आजी आणि नात एकमेकींना परक्या होत होत्या. मी मराठीची विद्यार्थिनी, आणि हे नुसते पाहत होते.

सरांचा टोमणा मनात होताच. ग्रंथालयातून 'राणीची बाग' आणि 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' ही पुस्तके आणली. संध्याकाळी भाचीला जवळ घेऊन वाचू लागले. तिला अर्थ अर्धाच कळत असावा. पण यमक आले की ती मान डोलवी आणि पुढची ओळ माझ्याआधी म्हणू पाही. मध्येच तिने विचारले, "मावशी, पिशी म्हणजे काय?" मला सांगता येईना! तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "पिशी म्हणजे खुळी गो! ही तुझी मावशी आसा तशी!"

पोर खदखदून हसली आणि उठून थेट आजीकडे गेली. कोकणात खरेच भुते असतात का, हे तिला आजीकडूनच ऐकायचे होते. त्या रात्री आईने देवचाराच्या गोष्टी सांगितल्या. भाषा अर्धी कळत होती, अर्धी हातवाऱ्यांनी भरून निघत होती. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. डोळे भरून आले, हे कबूल करते.

मग मी विंदांकडे नव्याने पाहू लागले. 23 ऑगस्ट 1918 रोजी याच देवगड तालुक्यात जन्मलेला हा कवी मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत असे. अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेचा 'फाउस्ट', शेक्सपिअरचा 'राजा लिअर' त्यांनी मराठीत आणले. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'ला अर्वाचीन रूप दिले. हे चालू असतानाच, 1961 च्या 'राणीची बाग'पासून तीसएक वर्षे, ते मुलांसाठी लिहीत राहिले. 'एटू लोकांचा देश' या पुस्तकात तर त्यांनी कवितेतून एक अख्खा देशच वसवला. तीस वर्षे कोणी विरंगुळा करीत नाही.

2003 मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, 'अष्टदर्शने' आले. त्यात सात युरोपीय तत्त्वज्ञ आहेत आणि आठवा आपला चार्वाक. डोळ्यांना दिसेल तेच मानणारा, "कशावरून?" म्हणून विचारणारा हा चार्वाक मला आता आमच्या घरातल्या त्या पोरीसारखा वाटतो. तिलाही थोरामोठ्यांचे सांगणे पुरत नाही, "तू पाहिलंस का भूत?" असे ती आजीला विचारतेच. मुलांच्या या शंकेखोर बुद्धीशी बरोबरीने खेळणारा कवी आणि तत्त्वज्ञांशी वाद घालणारा कवी वेगळे काढता येत नाहीत. त्याच 2003 सालचे ज्ञानपीठ विंदांना मिळाले. 14 मार्च 2010 रोजी ते गेले, तेव्हा मी भाचीपेक्षाही लहान होते.

भाचीचे मराठी अजून अडखळतेच. ऱ्हस्वदीर्घाचे तर विचारूच नका. पण रात्री जेवणे झाली की आजी-नातीचे काहीतरी चाललेले असते, आणि मला त्यात बोलावत नाहीत. घरात मात्र मला नवे नाव पडले आहे : पिशीमावशी.

सर, तुमच्याशी बोलायचे राहिले होते. वर्गात जे म्हणाले ते मी मागे घेते.