जांगडवही आणि शस्त्रक्रियागृहातील कपाट

आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत कापडाचा व्यवसाय होता. दुकानात रोजकीर्द व खतावणीबरोबर एक जांगडवही असे. लग्नघरी पंचवीस शालू पाठवायचे, पसंत पडतील ते त्यांनी ठेवून घ्यायचे, उरलेले परत यायचे. माल त्यांच्या घरी, मालकी आमची. पैसे केवळ ठेवलेल्या शालूंचे. पुढे मी नगर जिल्ह्यातील रुग्णालयांना शस्त्रक्रियेचे साहित्य पुरवू लागलो आणि ‘कन्साइनमेंट’ हा शब्द कानी आला, तेव्हा ती मला जांगडच वाटली.

पुरवठादारानेच ग्राहकाच्या साठ्याकडे लक्ष ठेवून माल भरत राहावा, ही पद्धत 1980च्या दशकात अमेरिकेत वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांच्या व्यवहारामुळे गाजली. रुग्णालयाला तिची गरज अधिक. मोतीबिंदूनंतर बसवायचे भिंग घ्या. +10पासून +30पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंकाने मोजल्यास 41 नंबर होतात. रुग्णाला एकच लागतो, आणि तो कोणता हे डोळ्याचे मोजमाप झाल्यावरच कळते. 21-22च्या आसपासचे नंबर भराभर संपतात. 13 किंवा 28 मुदत संपेपर्यंत पडून राहतात. सांध्यांच्या रोपणाचेही तसेच: डावे-उजवे, लहान-मोठे सर्व माप समोर हवे, वापरायचे एक. धर्मादाय रुग्णालयाने एवढे भांडवल कपाटात अडकवावे कशाला? म्हणून कपाट आम्ही भरतो, मुदत जवळ आलेला माल आम्ही परत नेतो. वापरलेल्या डब्यावरचे एक लेबल रुग्णाच्या केसपेपरवर, दुसरे नोंदवहीत चिकटते. त्यावरून बिल होते. जीएसटी कायद्याने पसंतीवर पाठवलेल्या मालाला सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. आजोबांना अशी अट नव्हती.

परंतु शालूची निवड नवरीची आई करी. येथे रुग्ण भूल घेऊन निजलेला असतो. कपाटात जे आहे, त्याकडेच हात जातो. नेमका नंबर नसला, तर शेजारच्या नंबरावर भागवण्याचा मोह होतो, आणि त्या अर्ध्या अंकाचा हिशेब रुग्ण पुढे आयुष्यभर चष्म्याने भरतो. म्हणून खपणारेच नंबर भरून ठेवणारा पुरवठादार मला व्यवहारचतुर वाटत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन-माप आहे; अपुरे कपाट त्याचेच भावंड म्हणावे लागेल. फेब्रुवारी 2017मध्ये सरकारने हृदयातील स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साधा 7,260 रुपये, औषधयुक्त 29,600. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या रोपणावरही मर्यादा आली. किंमत बांधली गेली. कपाटात कोणाचा माल असावा, हे मात्र त्या आदेशाने ठरत नाही.

एका ट्रस्टच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टर आमच्या नोंदीवर कधीच विसंबल्या नाहीत. दर शनिवारी आमचा मुलगा मोजून गेला की त्या पुन्हा मोजत. त्याला ते अपमानास्पद वाटे, मला नाही. एका महिनाअखेरीस दोन भिंगांचा फरक निघाला. कपाटात ती नव्हती, कोणत्याही केसपेपरवर लेबल नव्हते. सिस्टरांनी रिकामे डबे जपून ठेवले होते: डबा उघडला, पण भिंग डोळ्यात गेलेच नाही. पैसे कोणी द्यायचे? रुग्णाच्या बिलात ते ‘बसवून’ टाकणे सर्वांत सोपे होते, आणि हिशेबनिसाने तसे सुचवलेही. सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, जे डोळ्यात नाही ते बिलात कसं येईल?” तेव्हापासून आमच्या करारात उघडलेल्या, न वापरलेल्या मालाचे स्वतंत्र कलम आहे, निम्मा भार आमचा, निम्मा रुग्णालयाचा.

आनंदऋषीजी हॉस्पिटलसारख्या संस्थांमुळे नगर शहरात मोठ्या शस्त्रक्रिया होतात. तेथे कपाट भरायला पुरवठादारांची रांग असते. अकोले, जामखेडकडे मात्र महिन्याला दोन शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात संच ठेवायला कोणी तयार होत नाही. हाड मोडलेला शेतकरी खाटेवर थांबतो. संच पुण्याहून निघतो, पोचतो, मग निर्जंतुक होतो. आम्ही सध्या शेजारच्या तीन लहान रुग्णालयांत मिळून एक संच फिरता ठेवला आहे. प्रत्येक ठिकाणी तो येताना व जाताना मोजला जातो, आणि मोजणारी व्यक्ती त्या रुग्णालयाची असते. नफा फारसा सुटत नाही. गाडीचा खर्च निघतो.